आक्काची गाडी उंच झाली तेव्हा

माझी थोरली बहीण उंचीनं माझ्या खांद्यालाही लागत नाही. घरातल्या प्रत्येक फोटोत ती पुढं आणि मी मागं. तिच्या लग्नात अंतरपाटाच्या पलीकडून नवरी काही दिसेना, नुसतं बाशिंग दिसत होतं, असं दाजी अजून पाहुण्यांना सांगतात. आक्काला त्याचं कधी काही वाटलं नाही. जे तिला खालून दिसत नाही ते ती सरळ कशावर तरी चढून बघते. आमच्या माहेरी एकही पत्र्याची पेटी अशी नव्हती, जिच्या झाकणाला तिच्या टाचेचा पोचा नव्हता.

ती पूर्णेला असते. दाजी रेल्वेत गार्ड होते. ते गाड्यांबरोबर फिरायचे आणि इकडं शेत आक्का बघायची. हळद, तूर, थोडा कापूस. ट्रॅक्टर ती चाळिशी उलटल्यावर शिकली, कारण ट्रॅक्टरवाला बोलावलं की येत नव्हता. पुढं नवा मोठा रस्ता निघाला, त्यात शेताचा एक तुकडा गेला आणि त्याचा मोबदला आला. सगळ्या नातेवाइकांनी पुण्यात फ्लॅट घे म्हणून सांगितलं. आक्कानं सगळ्यांचं ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि एक भलीमोठी पिकअप गाडी बुक केली.

आमच्याकडं पिकअप म्हटलं की भाजी, खताची पोती आणि मागं उभी राहिलेली वऱ्हाडी माणसं डोळ्यांपुढं येतात. ही तसली नव्हती. मागं हौदा होता खरा, पण पुढं चार दारं, चामड्याच्या खुर्च्या, पाठीला थंड हवा, आणि समोर टीव्हीएवढा पडदा. शिवाय ही गाडी स्वतः बघायची. पुढच्या काचेला वर एक कॅमेरा आणि गाडीच्या नाकात रडार. समोर अचानक काही आलं तर ती स्वतःच ब्रेक लावणार. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर चाक गेलं तर स्टिअरिंग थरथरवून जागं करणार. आणि चालवणाऱ्याची नजर रस्त्यावरून हटली तर टुणटुण वाजणार. शोरूममधल्या मुलानं हे सगळं फार मन लावून सांगितलं. आक्कानं तितकंच मन लावून ऐकलं आणि शेवटी एकच विचारलं.

"म्हशीला वळखती का?"

मुलगा थोडा विचार करून म्हणाला की माणसं, मोटारसायकली आणि गाड्या नक्की ओळखते, म्हशीचं कंपनीनं काही लिहिलेलं नाही.

"मग म्हशीचं मीच बघते," आक्का म्हणाली.

दाजींना ही गाडी घेणं आधी पसंत नव्हतं. पण गाडीबरोबर जे जाड पुस्तक आलं ते त्यांनी चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं आणि त्यांचं मत बदललं. जन्मभर सिग्नल बघून काम केलेला माणूस. गाडी इतक्या बाबतीत धोक्याची सूचना देते म्हटल्यावर त्यांना तिच्याबद्दल आदरच वाटायला लागला. ही शिस्तीची गाडी हाय, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले.

अडचण निघाली ती शेताच्या वाटेवर. घरापासून शेताला जाताना एक ओढा लागतो. त्यात पाणी घोट्याएवढंच असतं, पण तळाचे दगड मोठे. गाडी उतरली की पोटाखाली खर्रर्र असा आवाज यायचा आणि आक्का आपलंच पोट खरचटल्यासारखी डोळे मिटायची. डोळे मिटले की गाडी टुणटुण करायची. त्यात भर म्हणजे दिवाळीच्या सुमाराला तूर डोक्याच्या वर जाते. दोन्ही बाजूंनी तूर आणि मधून वाट, आणि एवढ्या महागाच्या गाडीत बसूनही आक्काला फक्त तुरीची पानं दिसायची.

"सारी जिंदगी लोकायच्या पाठी बघितल्या म्या," तिनं मला फोनवर सांगितलं. "आता सोताच्या गाडीत बसून तुरीच्या पाठी बघायल्ये. गाडी उचलून घ्यायची."

गाडी उचलायची म्हणजे खालच्या स्प्रिंगा, शॉकअप आणि मागचे पाटे बदलून अंग चाकांपासून वर घ्यायचं. तिनं ते मोबाइलवर बघितलं होतं. दाजींनी लगेच लाल बावटा दाखवला. आधी आरटीओत विचारायचं, मगच हात लावायचा. ते स्वतः परभणीला येऊन विचारून गेले. मनाला येईल तशी गाडी वाढवता येणार नाही, असं तिथं स्वच्छ सांगितलं गेलं. कंपनीनंच मान्य केलेला, दोन इंचांचा सामानाचा संच होता, तेवढाच बसवायचा आणि तशी नोंद करायची. आक्काला निदान हातभर उंची पाहिजे होती. पण दाजी म्हणाले की माणूस दोन इंचांनीसुद्धा बदलतो, आणि तिनं तेवढ्यावर भागवलं.

मी परभणीत असते, शाळेत भूगोल शिकवते. दिवाळीच्या सुट्ट्या संपत आल्या होत्या, तुळशीची लग्नं लागून गेली होती. आक्का गाडी घेऊन माझ्याकडं मुक्कामाला आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी वसमत रोडवरच्या एका गॅरेजमध्ये जाऊन बसलो. गॅरेजचे मालक साठीच्या पुढचे, सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. त्यांनी जीपा बक्कळ उचलल्या होत्या, पण कॅमेरेवाली गाडी पहिलीच. हे त्यांनी लपवलं नाही. आम्हाला खुर्च्या टाकून दिल्या, चहा सांगितला आणि म्हणाले, "बाई, मैं नीचे का देखता. डोळ्याचं काम दुसऱ्याचं."

दोन खांबांच्या लिफ्टवर गाडी वर गेली. चारही चाकं निघाली. इतकी रुबाबदार गाडी हवेत लटकलेली बघून मला फार हसू आलं. अंगावर भरजरी शालू आणि पाय उघडे, असं काहीतरी ते होतं. लिफ्ट उस्तादांनी त्यांच्या सोयीनं अर्ध्यावर थांबवली होती, त्यामुळं गॅरेजातली सगळी माणसं वाकून, माना तिरक्या करून काम करत होती. आक्का उठली, पदर खोचला आणि गाडीखाली जाऊन सरळ ताठ उभी राहिली. तिच्या डोक्यावर अजून चार बोटं जागा होती. मी तिच्या मागोमाग गेले आणि माझं कपाळ एका लोखंडावर आदळलं.

आक्का इतकी हसली की तिला काढून ठेवलेलं चाक धरून खाली बसावं लागलं. सगळ्या आयुष्यात तिला माझ्यापेक्षा सोयीची झालेली ती पहिली जागा असावी. मग ती उस्तादांच्या हाताकडं बघत तिथंच उभी राहिली, हे काय, ते काय विचारत. उस्तादांनाही बरं वाटलं असावं, कारण दुपारी डबा खाताना त्यांनी आपल्या घरची बिर्याणी आमच्यापुढं सरकवली.

संध्याकाळी गाडी खाली आली आणि आम्ही दोघी दोन पावलं मागं सरकलो. दोन इंच म्हणजे काही फार नव्हे. पण ती वेगळीच दिसत होती, छाती काढून उभी राहिल्यासारखी. आक्कानं दार उघडलं, पाय वर टाकला आणि तो पोचलाच नाही. तिनं परत टाकला. मग मी मागून ढकललं आणि ती आत गेली. आत बसल्यावर तिनं स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले, समोर बघितलं, आणि लहान मुलीनं बोलावं तशी हळू आवाजात म्हणाली, "बसस्टँडवरची माणसं दिसायलीत गं."

उस्तादांनी निघताना बजावलं होतं की कॅमेरा आणि रडार नव्यानं लावून घेईपर्यंत गाडीच्या डोळ्यांवर विसंबायचं नाही, ते बटण बंद ठेवायचं. आक्कानं मान डोलावली. पण कोणतं बटण हे काही तिच्या लक्षात राहिलं नव्हतं, आणि मला तर माहीतच नव्हतं. आम्ही अगदी हळू निघालो.

त्या आठवड्यात गावात कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस होता. रस्त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत कापडी कमानी लागल्या होत्या. पहिल्या कमानीपाशी आलो आणि गाडी कचकन थांबली. आक्काला वाटलं तिचाच पाय पडला. पुढच्या कमानीला परत तेच. समोर रस्ता रिकामा, वर हात जोडून हसणारा पुढारी, आणि आमची गाडी त्याच्यापुढं नतमस्तक. मागचा रिक्षावाला आधी हॉर्न वाजवत होता. तिसऱ्या कमानीला तो बाजूनं पुढं आला, आमच्याकडं वाकून बघितलं आणि शांतपणे विचारलं, "मावशी, तुमी पक्षाच्या हाव का?"

आक्काच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिनं गाडी कडेला घेतली आणि आम्ही दोघी काही वेळ नुसत्या हसत बसलो. एक थांबली की दुसरी सुरू. शेवटी मी दाजींना फोन लावला. त्यांनी पुस्तकातलं पान काढून बटणाची जागा सांगितली, आणि उरलेल्या कमानींखालून आम्ही गुमान घरी आलो.

डोळ्याचं काम करणारी बाई संभाजीनगरहून आली. तिशीतली, इंजिनिअर, पाठीला लॅपटॉप आणि बरोबर एक लांबलचक पेटी. तिनं कारण एका वाक्यात समजावलं. गाडी वर घेताना नाक किंचित उचललं गेलं होतं, म्हणून रडारची नजरही वर गेली होती, आणि हवेतली कमान तिला रस्त्यात उभी असल्यासारखी दिसत होती. आता गाडीसमोर ठरावीक अंतरावर चौकटींचं पाटीसारखं निशाण उभं करायचं आणि तिला सांगायचं, हे बघ, हे सरळ. त्यासाठी एकदम सपाट जमीन हवी, वर छप्पर हवं, पुढं मोकळी जागा हवी, आणि आसपास चकाकणारं काही नको.

परभणीत सपाट जमीन मिळायला काय वेळ लागतो, असं मला भूगोल शिकवताना नेहमी वाटायचं. उस्तादांच्या गॅरेजचा उतार पाणी जायला मुद्दाम काढलेला. शाळेचं पटांगण मला सपाट वाटत होतं, पण तिनं पातळी बघायची नळी लावली आणि तिच्यातला बुडबुडा एका कडेला जाऊन बसला. एका जिनिंगच्या शेडमध्ये फरशी चांगली होती, तर सगळीकडं कापसाचे ढीग. तेव्हा मला गंगाखेड रोडवरचं मंगल कार्यालय आठवलं. त्याचा मालक माझा जुना विद्यार्थी. त्याला फोन केला तर तो म्हणाला की उद्या लग्न हाय, आज सांजेला हळद, पण दुपारपर्यंत हॉल रिकामाच हाय, या की मॅडम.

मोठ्या दरवाजातून गाडी हळूहळू आत आली आणि हॉलच्या मध्यावर उभी राहिली. बाईंनी पातळी लावली. बुडबुडा मधोमध थांबला. त्या पहिल्यांदा हसल्या.

मग चकाकणाऱ्या वस्तूंचा प्रश्न निघाला. लग्नाच्या हॉलमध्ये दुसरं असतं काय? स्टेजवर आरशांची नक्षी, दोन चांदीच्या रंगाचे मोर, झगमगत्या झालरी, आणि कडेला रचलेली स्टीलची पातेली. डेकोरेशनची माणसं आणि आम्ही दोघी कामाला लागलो. मोरांना चादरी पांघरल्या. नवरा-नवरीच्या सिंहासनावर सतरंजी टाकली. पातेली स्वयंपाकघरात गेली. स्टेजसमोर बाईंनी निशाणाची पाटी उभी केली, गाडीच्या मधोमध ओळंबा सोडला, फरशीवर दोरी ताणली. लांबून बघितलं तर नवरदेव म्हणून गाडी उभी आणि अंतरपाट म्हणून ती पाटी. मी हे आक्काला सांगितलं आणि तिनं पाटीवर गुपचूप दोन अक्षता टाकल्या. बाईंनी त्या निमूटपणे वेचून बाजूला ठेवल्या.

तेवढ्यात नवरीची मंडळी आली. मेंदी काढायला हॉलच्याच खोलीत बसायचं ठरलेलं होतं. नवरीची आई पुढं, हातात तीन पिशव्या, केस विस्कटलेले. तिनं चादरी पांघरलेले मोर बघितले, मग गाडी बघितली, आणि पिशव्यांसकट एका खुर्चीवर बसली. तिला वाटलं, मुलाकडच्यांनी ऐनवेळी काहीतरी नवीन काढलं. माझ्या विद्यार्थ्यानं धावत येऊन सगळं सांगितलं, तेव्हा तिनं एवढंच विचारलं की मोर परत उघडणार ना. उघडणार म्हटल्यावर ती खोलीत गेली.

बाईंचं काम बराच वेळ चाललं. लॅपटॉपची वायर स्टिअरिंगखाली जोडलेली, पडद्यावर चौकटी सरकत होत्या. कुणी गाडीला हात लावायचा नाही, समोरून जायचं नाही. सगळे आपसूकच हळू बोलायला लागले. शेवटी बाई म्हणाल्या की हॉलमधलं काम झालं, आता रस्त्यावरचं. पांढरे पट्टे ठसठशीत असतील अशा रस्त्यावर एका वेगानं, सरळ, न थांबता गाडी चालवायची, म्हणजे कॅमेरा उरलेलं स्वतः शिकून घेईल. गंगाखेड रोडला पोखर्णीकडं नुकतेच नवे पट्टे मारले होते.

आम्ही गाडी बाहेर काढत होतो तेव्हा नवरी दारात येऊन उभी राहिली. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओली मेंदी, हात पुढं धरलेले, जणू कुणी अदृश्य ताट तिच्या हातात दिलंय. आल्यापासून एका जागी बसून पाठ मोडली होती, अजून मेंदी वाळायची होती, मग हळद, मग उद्याचं सगळं. तिनं आक्काला विचारलं, "मला नेता का? नुसतं बसते. काहीच करत न्हाई."

आई मागून आली आणि आधी नाहीच म्हणाली. लग्नाच्या आदल्या दिवशी पोरीनं घराबाहेर जायचं नसतं. नवरीनं वाद घातला नाही, फक्त तशीच हात पुढं धरून उभी राहिली. आईनं तिच्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, आत खोलीत चाललेल्या गलक्याकडं बघितलं. मग म्हणाली, "मी पण येते."

आत जाऊन तिनं आचाऱ्याला सांगितलं की लगेच येतो. दुसरं कुणी मोकळं तिला दिसलंच नाही.

आता नवरीला वर कसं चढवायचं? हात तर कशालाच लावता येत नव्हते. मी मागून कंबर धरली, आक्कानं आतून दंड धरले, आणि हां, हां, मेंदी, करत आम्ही तिला उचलून सीटवर ठेवली. मग आईला ढकललं. मग खाली उतरलेल्या आक्काला पुढच्या दारातून ढकललं. मी आपली चढले. बाई लॅपटॉप मांडीवर घेऊन पुढं बसल्या होत्या. त्या हसत होत्या की नाही ते मला दिसलं नाही, पण त्यांचे खांदे हलत होते.

पोखर्णीचा रस्ता त्या दिवशी इतका छान होता. दोन्हीकडं फुटलेला कापूस, मधे मधे ज्वारीचे हिरवे पट्टे, ऊन कोवळंही नाही आणि कडकही नाही. आक्कानं एक वेग धरला आणि गाडी पट्ट्यांच्या मधोमध ठेवली. नवरी खिडकीतून सगळ्यांना बघत होती आणि मोटारसायकलवाले तिला बघत होते. तिनं आम्हाला सांगितलं की तिचं सासर जिंतूरचं, मुलगा बँकेत आहे, बोलतो कमी पण हसतो चांगला. तिनं हे सांगितलं तेव्हा आई ऐकत नव्हती. ती झोपली होती. मान माझ्या खांद्यावर, तोंड किंचित उघडं, पिशवी अजून मुठीत. किती दिवसांची झोप असेल ती. मी खांदा हलवला नाही.

आक्का आरशातून तिच्याकडंच बघायला लागली. गाडी टुणटुण वाजली.

"मावशी, समोर बघा," बाई म्हणाल्या. "नजर हटली की ती वाजते."

"तिला म्हणाव गप बस," आक्का म्हणाली. "माणूस झोपलंय."

कॅमेरा किती शिकला त्याचा लॅपटॉपवरचा आकडा हळूहळू चढत होता. सगळ्यांचे डोळे त्या आकड्याकडं, आक्का आणि झोपलेली आई सोडून. पोखर्णीच्या अलीकडं आकडा भरला, लॅपटॉपनं बारीक आवाज केला, आणि त्याच वेळी गाडी वळणावर पट्टा धरून अलगद वळली. स्टिअरिंग आक्काच्या हाताखाली आपण होऊन थोडं फिरलं. तिनं ते ओळखलं.

"शिकली गं," ती म्हणाली. नवरीनं टाळ्या वाजवायला हात उचलले, मेंदी आठवली, आणि त्याऐवजी तोंडानंच टाळ्यांचा आवाज काढला. बाईंनी आणि मी तिच्या वाटणीच्या टाळ्या वाजवल्या. आई जागी झाली नाही.

एवढं आलोय तर पोखर्णीच्या नरसिंहाचं दर्शन घेऊ, असं नवरीनं काढलं. बाई झोपलेल्या आईजवळ गाडीत थांबल्या. आम्ही तिघी देवळात गेलो. नवरीला हात जोडता येत नव्हते, म्हणून तिनं नुसती मान वाकवली आणि बराच वेळ तशीच ठेवली. बाहेर येताना आक्कानं पेढे घेतले, एक मोडला आणि तिच्या तोंडात घातला. तिनं तो खाता खाता दुसऱ्यासाठी तोंड उघडलं, पाखराच्या पिल्लासारखं, आणि आक्कानं दुसराही घातला. अख्खा पुडा तिथंच संपला. बाईंसाठी नवीन घ्यावा लागला.

परत निघालो तेव्हा माझा फोन वाजला. कार्यालयाचा मालक होता. "मॅडम, नवरी तुमच्याकडं हाय का?" मुलाकडची दोन माणसं साड्या घेऊन आली होती. त्यांना नवरी भेटली नाही, म्हणून त्यांनी नवरीच्या आईला विचारावं म्हटलं, तर आईही नाही. आचारी भजी तळत होता, त्याला कुणी विचारलंच नाही. आईचा फोन पिशवीत मुका होता. मुलीचे वडील हॉलमध्ये खुर्चीवर बसून सगळ्यांना एकच सांगत होते की पोरगी पळाली असती तर समजलो असतो, पण माय कशी पळाली?

मी त्याला सांगितलं की दोघी सुखरूप आहेत, देवदर्शनाला आल्या आहेत, आत्ता पोचतो. आक्कानं वेग वाढवला नाही. रस्ता सरळ होता, गाडी समोरच्या ट्रकपासून अंतर राखून आपलं आपण पळत होती.

कार्यालयाच्या फाटकाशी सगळी मंडळी जमली होती. फाटकावर फुलांची मोठी कमान लागली होती, आणि गाडी तिच्याखालून ऐटीत गेली. वडील पुढं आले. चेहरा रागानं लाल. त्यांनी मागचं दार उघडलं आणि त्या धक्क्यानं आईला जाग आली. तिनं नवऱ्याकडं बघितलं, जमलेल्या माणसांकडं बघितलं, आणि गोंधळून विचारलं, "हळद झाली का?"

आधी मुलाकडच्या माणसांपैकी एक हसलं, मग सगळे, मग वडील. त्यांनी हात देऊन बायकोला खाली उतरवलं. इतक्या लोकांसमोर हात धरायची त्यांना सवय नसावी, कारण दोघंही एकदम लाजली. नवरीला आम्ही परत तसंच उचलून खाली ठेवलं. मेंदी एका ठिकाणीही पुसली नव्हती. बाईंच्या बसला वेळ होता, म्हणून त्यांना जेवायलाच बसवलं. सोडायला गेलो तेव्हा त्यांच्या हातात भज्यांची पिशवी होती.

मोर परत उघडले. संध्याकाळी हळदीला आम्हाला थांबवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी लग्नालाही. वरातीत आक्काला कुणीतरी नाचायला मधे ओढलं. मला वाटलं ती लाजेल. ती लाजली नाही.

मीही आक्काबरोबर पूर्णेला गेले. दाजींनी टेप घेऊन गाडी मोजली, पुस्तकात बघितलं, आणि बरोबर हाय म्हणाले. ओढा ओलांडताना ते मागं बसले होते. खालून काही आवाज आला नाही. तुरीच्या वाटेला लागलो आणि आक्कानं गाडी उभी केली. तुरीचे शेंडे आता तिच्या नजरेखाली होते. सगळं शेत पिवळ्या फुलांचं एका पातळीत पसरलेलं, त्याच्या पलीकडं नदीकाठची झाडं, आणि आणखी पलीकडून नांदेडकडं जाणारी एक गाडी, डबा डबा वेगळा दिसत होता. दाजींनी मागून गाडी कोणती ते सांगितलं.

त्या नवरीचा आक्काला आता अधूनमधून फोन येतो. परवा मी पूर्णेला गेले होते तेव्हाही आला. जिंतूरला नवऱ्यानं एक जुनी कार घेतलीय आणि ती चालवायला शिकायला लागलीय. गल्लीतून बाहेर काढताना सासरे आडवे आले तर काय करायचं, असलं काहीतरी ती विचारत असावी. मला आक्काचाच आवाज येत होता. तिनं हळदीचे हात पदराला पुसले, फोन कानाला घट्ट धरला आणि शिकवायच्या सुरात म्हणाली, "ते मंग बघू. तू आधी सीट पुढं घे."